पेटीतला पाम

अमेरिकेच्या उत्तरेला, लेक एरी तळ्याच्या काठी जानेवारीचा वारा सुटला की कुत्रीसुद्धा दारातून मागे फिरतात. तिथल्या एका गावात, मेपल आणि पाइनच्या रांगेत, वर्ना हुडाकच्या पुढच्या अंगणात एक पाम उभा होता. कुंडीतला नव्हे, प्लास्टिकचाही नव्हे. चांगला जमिनीत लावलेला, शेंडा छपराच्या पन्हळीला टेकलेला, खोडाला अस्वलासारखे तपकिरी केस आणि डोक्यावर हिरव्या पंख्यांचा पसारा. उन्हाळ्यात अनोळखी गाड्या घरापुढे येऊन हळू व्हायच्या. वर्ना ओट्यावरून त्यांच्याकडे अशी बघायची, की त्या मुकाट्यानं पुन्हा वेग घ्यायच्या.

लोक म्हणायचे, म्हातारीचं झाडावर काय प्रेम आहे! प्रेम कसलं, डोंबलाचं. ते झाड रागानं लावलेलं होतं. फार वर्षांपूर्वी, वर्ना शाळेची बस चालवायची तेव्हा, चर्चच्या बागमंडळातली एक बाई तिला नाकात बोलत म्हणाली होती, "पाम आपल्याकडे जगत नसतो हं, वर्ना. तू आपली झेंडू लाव." वर्नानं त्याच आठवड्यात टपालानं वीतभर रोप मागवलं. ती नाकात बोलणारी बाई पुढे वारली, पण तिला चूक ठरवण्याचं काम वर्नानं काही थांबवलं नाही. दर हिवाळ्याला ते झाड मरणार असं गावातलं कोणी ना कोणी म्हणायचंच, आणि दर एप्रिलला वर्ना त्या माणसाच्या घरावरून मुद्दाम पायी फिरायला जायची.

झाडांचे लाड तिला मंजूर नव्हते. तिच्या तळघरात कर्दळीचे नि डेलियाचे कंद भुशात पुरलेले असत, जास्वंदी खिडकीला टेकून बसलेल्या असत, शोभेचं अळू दुधाच्या क्रेटमध्ये झोपलेलं असे. जगाच्या उबदार भागात जी झाडं मोरीच्या पाण्यावर फुकट वाढतात, त्यांची इथे निम्मं वर्ष बाळंतिणीसारखी बडदास्त ठेवावी लागते. गावातल्या बाया त्यांच्याशी गोड गोड बोलायच्या, त्यांना नावं ठेवायच्या. वर्ना खाली उतरून प्रत्येक कंद अंगठ्यानं दाबून बघायची. कडक लागला तर परत भुशात. मऊ लागला तर बादलीत, आणि बादली थेट कचऱ्यात. "मऊ पडलं की गेलं," एवढंच तिचं शास्त्र होतं, आणि ते ती माणसांनाही लावायची.

शेजारचा लाइल ब्रँट तिच्या हिशेबी फार पूर्वीच मऊ पडला होता. हा इसम दर मे महिन्यात मोठ्या दुकानातून एक उंच पाम विकत आणायचा, त्याच्याभोवती वाळू पसरायचा, वाळूत गुलाबी प्लास्टिकचा पक्षी रोवायचा आणि अर्ध्या चड्डीत खुर्ची टाकून बिअर प्यायचा. नोव्हेंबरात पहिलं कडक हीव पडलं की पाम काळा. मग तो त्याला पायाला धरून रस्त्याच्या कडेला ओढत न्यायचा.

"मेलं का रे यंदाचं?" वर्ना कुंपणावरून विचारायची.

"मेलं नाही, वर्ना. विश्रांती घेतंय."

"कचऱ्याच्या गाडीत?"

"तुझं आपलं काहीतरीच. पुढच्या वर्षी आणखी मोठा आणतो बघ."

"आण, आण. लोक बायका बदलतात, तू झाडं बदल."

लाइलची बायको त्याला सोडून गेलेली होती, हे वर्नाला ठाऊक होतं. म्हणूनच ती तसं बोलायची. लाइल मात्र हसायचा. त्याच्या हसण्यानं तिला आणखीच शिसारी यायची.

तिच्या नावडत्यांत सगळ्यांत वरचा मान दक्षिणेतल्या उबदार फ्लोरिडाचा. तिचा एकुलता एक मुलगा डेनी तिकडे जाऊन राहिला होता, पोहण्याचे तलाव साफ करणाऱ्या कंपनीत कामाला. सोबत बायको, जनेल, जी सतत हसतमुख असायची आणि सासूशी बालवाडीतल्या पोराशी बोलावं तशी बोलायची. फ्लोरिडाला वर्ना एकदाच गेली होती. तिथं पाम लावत नाहीत, तो उगवतो. पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या मागं, कचराकुंडीच्या शेजारी. "नाकातल्या केसासारखा," ती परत येऊन म्हणाली होती, "कोणाला नको असताना." ज्या झाडासाठी कोणाला नखभर कष्ट पडत नाहीत, ते झाड वर्नाच्या लेखी झाडच नव्हतं. तिथल्या माणसांबद्दलही तिचं तेच मत झालं होतं.

आणि नेमकं तिथंच तिला राहायला न्यायचं चाललं होतं.

त्याला कारणही होतं. मागच्या फेब्रुवारीत वर्ना टपालपेटीकडे जाताना बर्फावरून घसरली आणि पोस्टमन येईपर्यंत तिथंच पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा जो धरला तो सुटलाच नाही. हात खांद्याच्या वर जाईना. डेनी तेव्हा विमानानं आला होता आणि दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसून रडला होता. त्या रडण्याची वर्नाला अजून लाज वाटत होती.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं आले. टेबलावर टर्की होती, कोबीत गुंडाळलेलं भात-मटण होतं आणि जनेलनं आणलेली, वरती पिठीसाखरेचे पाम काढलेली संत्र्याची पाई होती. वर्नानं तिला सुरी लावली नाही.

"आई, घर विकायला हीच वेळ चांगली आहे," डेनी ताटात बघत म्हणाला. "आम्ही मागची खोली रंगवून घेतलीय."

"कोणासाठी?"

"अगं, तुझ्यासाठी."

"मला रंग चढवायची गरज नाही."

जनेल पुढे वाकली. "वर्ना, तुम्हाला किती आवडेल सांगू! खिडकीतून सहा पाम दिसतात. रोज सकाळी उठलात की समोर पाम!"

"दिसतील. भिकाऱ्याच्या अंगणातही दिसतात तिथं."

"आई, पुरे," डेनी म्हणाला. "मस्करी नाही. तू पुन्हा पडलीस आणि पोस्टमनला सुट्टी असली तर? मला तिकडे झोप लागत नाही."

"तुला लहानपणीही लागायची नाही. दूध पाजलं की लागायची."

पण डेनी या वेळी मागे हटेना. जेवण संपलं, कॉफी झाली, तरी त्याचा तोच धोशा. शेवटी वर्नाचा पारा चढला. तिनं डाव्या हातानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. अंगणात पामची पानं वाऱ्यानं फडफडत होती.

"ते बघ. ते झाड इथं जगणार नाही, असं सगळं गाव म्हणत होतं. उद्या आपण त्याला पेटीत बंद करू, दरवर्षीसारखं. एप्रिलात तुम्ही दोघं या. तुमच्यासमोर पेटी उघडते. तू स्वतः भाला ओढून बघ. हातात आला, तर मी समजेन की माझ्याच्यानं आता काही जगवणं होत नाही. घर विका, मला त्या सहा पामांसमोर नेऊन बसवा. आणि नाही आला, तर फ्लोरिडा हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही. मी मरेपर्यंत."

"भाला म्हणजे?" जनेलनं विचारलं.

"मधला नवा कोंब," डेनीनं सांगितलं. "पानं उघडायच्या आधी भाल्यासारखा उभा असतो. झाडाचा गाभा जिवंत असेल तर कितीही ओढा, हलत नाही. गाभा कुजला असेल तर नुसतं बोट लावलं तरी हातात येतो. बाहेरची पानं कित्येक आठवडे हिरवीच राहतात, त्यांच्यावर काही कळत नाही." आणि मग आईकडे बघून, "नक्की? शब्द?"

"मी तुझ्यासारखी नाही. माझा शब्द म्हणजे शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी बांधली. दरवर्षी वर्ना हे काम एकटी करायची. पानं वर गोळा करून दोरीनं बांधायची, खोडाला गोणपाट, चार बाजूंना प्लायवूडच्या फळ्या, फळ्यांना आतून थर्मोकोल, वर झाकण. आणि आत खोडाभोवती नाताळच्या दिव्यांची जुनी माळ, तिच्या नवऱ्यानं, मिलाननं, कधीकाळी आणलेली. अंगठ्याएवढे जाडजूड दिवे, हात लागला तर चटका बसायचा. थंडी वाढली की माळ आपोआप लागावी आणि ऊब आली की विझावी, असं बटण त्याला जोडलेलं. इथल्या पामवाल्यांची ही रीतच आहे. नाताळ सरला तरी त्यांच्या अंगणातल्या पेट्यांत मार्चपर्यंत नाताळ चालू असतो.

या वर्षी खांद्यामुळे वर्ना ओट्यावर घोंगडी घेऊन बसली आणि हुकूम सोडू लागली.

"दोरी घट्ट नको. गळफास द्यायचा नाहीय त्याला."

"बरं."

"माळ खालून वर. खालून वर म्हटलं! तू तलावात पण असाच उलटा उतरतोस का?"

मध्येच डेनी खिळे आणायला म्हणून गाडी काढून गेला. परत येऊन पुन्हा पेटीत शिरला. फळ्या लागल्या, झाकण बसलं. पेटीला पुढच्या बाजूला एक भोक होतं, त्यात चिंधीचा बोळा. वर्ना खाली उतरली, बोळा काढून तिनं डोळा लावला. आत पिवळसर उजेड पडला होता.

"चालेल," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं. डेनीचे कान लाल झाले.

हिवाळा आला तो दात विचकत आला. तळ्यावरून येणारा बर्फ पेटीच्या गळ्यापर्यंत साचला. वर्ना रोज सकाळी कॉफीनंतर फावड्यानं पायवाट करून पेटीशी जायची आणि बोळा काढून आत बघायची. आधीच्या वर्षांत ती भोकातून कोपरापर्यंत हात घालायची आणि आतली ऊब हातानं जोखायची. या वर्षी खांदा तेवढा वाकेना, आणि डाव्या हातानं करायचं तर भोक पडलं नको त्या बाजूला. म्हणून फक्त डोळा. डोळ्याला दिवे लागलेले दिसायचे. रोज दिसायचे. इतर वर्षी कधी लागलेले, कधी विझलेले असत. या वर्षी अखंड जळत होते.

तिनं त्याचा सरळ अर्थ लावला. थंडीच इतकी, की माळेला उसंत नाही. याचा तिला अभिमानच वाटला. तिनं तो लाइलला ऐकवला.

"माझी माळ नोव्हेंबरपासून विझली नाही. आणि तुझं झाड कुठंय? विश्रांती संपली का त्याची?"

लाइल फावड्याला टेकून उभा राहिला. "एकदाही नाही विझली? मधे चार दिवस बर्फ वितळला होता की, तेव्हा पण नाही?"

"नाही."

"मग वर्ना, बटण बिघडलं असेल. नाहीतर आत ऊब धरत नसेल. एकदा उघडून बघ ना. मी येतो मदतीला, तुझा खांदा..."

"ज्याचं एकही झाड कधी नाताळ बघत नाही, त्यानं मला शिकवू नये," वर्ना म्हणाली आणि घरात गेली. दार तिनं जरा जोरानंच लावलं.

त्या दिवशी उघडलं असतं तर? असं म्हणून काही उपयोग नसतो. लाइलनं सांगितलं नसतं तर कदाचित तिनं उघडलंही असतं. पण लाइलनं सांगितलं ते करायचं, म्हणजे जगात ताळतंत्र उरलं नाही असंच झालं.

एप्रिलात ठरलेल्या शनिवारी डेनी आणि जनेल दुपारी पोचणार होते. वर्ना सकाळीच स्क्रूड्रायव्हर घेऊन पेटीपाशी गेली. सगळी पेटी उघडायची नव्हती, पुढची फळी तेवढी सैल करून बघायचं होतं. विजयाची खात्री असली तरी पाहुण्यांपुढे मांडायच्या आधी भांडं पुसून ठेवावं, एवढाच हेतू. डाव्या हातानं स्क्रू काढायला बराच वेळ लागला. फळी पुढे झुकली आणि तिच्या नाकात वास गेला. कोबी कुजल्यासारखा.

पानं हिरवी होती. अगदी हिरवी. वर्नानं फळी बाजूला टेकवली, बादली उपडी घालून तिच्यावर चढली आणि दोरीत बांधलेल्या पानांच्या मधून भाला दोन बोटांत धरला. ओढायची वेळच आली नाही. तो निघूनच आला. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत.

ती बादलीवर तशीच उभी राहिली. मग तिचं लक्ष माळेकडे गेलं. दिवे झगझगत होते. तिनं एकावर अंगठा ठेवला. दिवा गार होता. दुसरा गार, तिसरा गार. जळता दिवा आणि नळाच्या तोटीसारखा गार. दिसायला अगदी मिलानच्या दिव्यांसारखा, तसाच जाडा, तसाच पिवळा, आणि आत उजेडापलीकडे काही नाही. नवी जात. विजेची बचत करणारी. सबंध हिवाळा तिच्या झाडानं थंडगार उजेडात उभं राहून काढला होता, आणि ती रोज येऊन त्याच्याकडे बघून समाधानानं परत जात होती.

डेनी. खिळे आणायला गेला होता तो!

राग असा आला की बादली डगमगली. त्यानं पैज जिंकायला झाड मारलं. स्वतःच्या आईला अंधारात, नव्हे भगभगीत उजेडात ठेवून फसवलं. आणि खरं सांगायचं तर, त्या रागात क्षणभर तिला पोराचं कौतुकही वाटलं. इतकं डोकं त्याला आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं.

पण कौतुक एका क्षणाचंच. घर डोळ्यांपुढे आलं, त्या रंगवलेल्या खोलीतल्या खिडकीसकट. तिनं एप्रनच्या टोकानं भाल्याचं बुड पुसून काढलं, पानांच्या मधे भोक शोधलं आणि भाला पुन्हा खोल खुपसला. दोरी थोडी आवळली. लांबून बघितलं. ताठ उभा होता. कपट्याशी कपट, तिनं स्वतःला सांगितलं, त्यात पाप नाही. तरी फळी लावताना तिची नजर शेजारच्या घराकडे गेलीच. लाइल निदान उघड उघड नवं विकत आणायचा.

दुपारी दोघं आले. जनेल गुलाबी पातळ जॅकेट घालून कुडकुडत होती. "वर्ना! किती छान दिसताय तुम्ही!"

"तू निळी पडलीयस," वर्ना म्हणाली. "चला, आधी झाड. मग कॉफी."

डेनीनं फळ्या भराभर काढल्या. जरा ओशाळा दिसत होता. दोन्ही बाजूंच्या फळ्या निघाल्यावर तो थांबला. "आई, तुला एक सांगायचं होतं. रागावू नकोस."

"बोल." वर्नानं दातावर दात ठेवले. आता कबुली देणार आणि वर हसणार, म्हणून ती तयारच होती.

"मी नोव्हेंबरात तुझी माळ बदलली. जुनीची वायर ठिकठिकाणी तडकली होती, आतली तार दिसत होती. आत सगळं गोणपाट आणि थर्मोकोल! रात्री पेटलं असतं तर घरासकट गेली असतीस. तुला सांगितलं असतं तर तू बदलू दिली नसतीस. म्हणून गुपचूप आणली नवी. अगदी तशीच दिसणारी शोधली. दुकानदार म्हणाला, ही कधी तापतच नाही. अगदी सुरक्षित."

हे सगळं तो इतक्या भाबड्या आनंदानं सांगत होता, की वर्ना बघतच राहिली. कधी तापतच नाही! हे वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलूनही त्याच्या डोक्यात काही पेटलं नव्हतं. यात कपट नव्हतं. कपट मावायला तेवढी जागा लागते. दवाखान्यात रडणारा तोच हा डेनी, आणि त्यानं मायेपोटी तिचं झाड मारलं होतं.

ओठांवर आलं होतं, "गाढवा, झाडाला ऊब लागते, उजेड नाही!" एवढं म्हटलं असतं की पैज तिथंच मोडली असती. चूक त्याची, शब्द रद्द. पण ते म्हणायचं तर झाड मेलंय हे तिला कसं कळलं, तेही सांगावं लागणार. भाला तर तिथं ताठ उभा होता. तिनंच उभा केलेला.

"ओढ," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

डेनी बादलीवर चढला. पानं बाजूला सारली आणि भाला मुठीत धरला. जनेल फोनवर फोटो काढायला पुढे झाली. वर्नाला पोराची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ एकदम ताठ झाली. मग त्याचा दुसरा हात खाली गेला, हळूच, आणि माळेतल्या एका दिव्यावर थांबला. बराच वेळ तो हात तिथं राहिला. शेवटी डेनीचा खांदा पुढे दाबला गेला, किल्ली कुलपात दाबावी तसा.

"घट्ट आहे," तो म्हणाला.

"खरंच?" जनेल म्हणाली.

"अगदी घट्ट. हलत नाही." तो खाली उतरला, हात पँटला पुसले. आईकडे त्यानं बघितलं नाही. "जिंकलीस आई. झालं. फ्लोरिडा बंद."

जनेलचा चेहरा पडला, पण बाई चांगली होती, लगेच सावरली. "अभिनंदन, वर्ना!" तिनं येऊन मिठीही मारली, दुखऱ्या खांद्यावर.

वर्ना जिंकली होती. घर तिचं, ओटा तिचा, फेब्रुवारीतला बर्फही तिचा.  पण डेनीच्या आवाजातली ती मऊ लकेर तिनं ओळखली होती. लहान पोरं पत्त्यांत हरायला लागली की शेजारच्या बाया मुद्दाम चुकीचं पान टाकतात आणि अशाच आवाजात म्हणतात, जिंकलास रे राजा. वर्नानं डेनीला तसं एकदाही जिंकू दिलं नव्हतं. रडला तरी नाही. ज्याच्याशी खरं खेळण्यात अर्थ उरला नाही त्यालाच लोक दयेनं जिंकू देतात, असं ती म्हणायची, आणि आता तिचाच पोरगा तिला जिंकू देत होता. तिला दाबून बघून, मऊ लागली म्हणून.

"बाजूला हो," ती म्हणाली.

"आई, कशाला? ओढलाय मी."

"बाजूला हो म्हटलं."

ती बादलीवर चढली. डाव्या हातानं भाला धरला, उपसला आणि खाली उतरून जनेलच्या हातात दिला. जनेलनं तो फुलासारखा घेतला, मग बुडाकडे बघून लांब धरला.

"मेलाय," वर्ना म्हणाली. "सकाळीच बघितलं मी. मीच परत खोचला. हा खोटं बोलला, त्याच्याआधी मी खोटं केलं."

"आई, चूक माझी आहे," डेनीचा आवाज चिरकला. "दिवे मी... माझ्या डोक्यातच आलं नाही गं. ही पैज धरायचीच नाही. आणि खोड अजून घट्ट आहे. कधी कधी बाजूनं फुटतं, आपण उन्हाळ्यापर्यंत थांबू..."

"उन्हाळ्यापर्यंत थांबायचं असं ठरलं नव्हतं. दिवे तू बदललेस, पण रोज येऊन बघत मी होते. सबंध हिवाळा गार पेटीत डोळा घालून मी खूश होत होते. हात नाही घातला. लाइलनं, त्या लाइलनं सांगितलं, तरी उघडली नाही." तिनं एप्रनला हात पुसले. "माझ्याच्यानं जगवणं होत नाही आता. घर विका."

 कुंपणापलीकडे लाइल उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो हसला नाही. टोपी काढून आत गेला. त्यानं एखादा टोमणा मारला असता तर वर्नानं त्याचे आभार मानले असते.

डेनी उरलेल्या फळ्या एकावर एक रचू लागला. वर्ना ओट्याच्या पायरीवर बसली. पाम उघडा पडला होता, हिरवागार, अजून कोणालाही फसवेल असा.

"तिकडे कधी हीव पडतं का?" तिनं विचारलं.

"क्वचित," डेनी म्हणाला.

"कंद काढावे लागतात? काही झाकावं लागतं?"

"नाही गं. सगळं बाहेरच असतं. आपोआप जगतं."

"मग सबंध हिवाळा माणसं करतात तरी काय?"

डेनीनं हातातली फळी खाली ठेवली.  जनेल मात्र सासू एकदाची येणार म्हणून मनापासून हरखली होती. तिनं तो भाला अजून हातात धरलेला होता.

"काहीच नाही!" ती म्हणाली. "काही म्हणजे काहीच करावं लागत नाही, वर्ना!"